लिंबाचे बटाटे : ग्रीक घरातील एक तोंडीलावणे

ग्रीस देशाचे नाव निघाले की आपल्या मनात प्रथम येतात ते सिकंदर, सॉक्रेटिस आणि शाळेच्या पुस्तकात वाचलेली ट्रॉयची लढाई. ग्वाल्हेर-विदिशेकडील वाचकांना याखेरीज बेसनगरचा दगडी स्तंभही आठवेल. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेहून राजदूत म्हणून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या ग्रीकाने वासुदेवाच्या भक्तीने हा गरुडध्वज उभारला आणि त्यावरील लेखात स्वतःला 'भागवत' म्हणवून घेतले. इतकी जुनी ओळख असूनही त्या देशातील घरोघरी माणसे जेवतात काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. देवदेवता आणि तत्त्वज्ञ यांच्या गर्दीत ग्रीसची चूल दिसेनाशी झाली आहे.

त्या चुलीवरचा, नेमके सांगायचे तर त्या भट्टीतला, एक साधा पदार्थ म्हणजे 'पतातेस लेमोनातेस', लिंबाचे बटाटे. बटाट्याच्या लांबट जाड फोडी, ऑलिव्हचे तेल, लिंबाचा रस, लसूण, मीठ आणि रीगनी नावाची डोंगरी पाल्याची पूड, एवढेच त्याचे साहित्य. पसरट भांड्यात हे सारे थोड्या पाण्यासह घालून भट्टीत तासदीडतास भाजतात. पाणी आटते, तेल उरते, फोडींच्या कडा सोनेरी होतात. आतून मात्र फोड मऊ राहते आणि लिंबाची चव तिच्या गाभ्यापर्यंत उतरलेली असते. ग्रीक घरात हे मुख्य अन्न मानले जात नाही. ते बाजूचे वाढण, आपल्या भाषेत तोंडीलावणे. तरीही पाहुणा पहिला घास बहुधा त्याचाच घेतो.

आपल्या वाचकांपुढे हा पदार्थ ठेवण्याचे कारण केवळ त्याची रुची हे नाही. ज्या बटाट्यावर आणि ज्या लिंबावर तो उभा आहे, ती दोन्ही ग्रीसमध्ये बाहेरून आलेली. परक्या मुलखातून येऊन त्यांनी त्या घरात जे स्थान मिळवले, त्याची हकीकत पिढ्यानुपिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या कुटुंबांना ओळखीची वाटेल.

पहारेकऱ्यांचा बटाटा

बटाट्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच पठारांवर तो हजारो वर्षे पिकत आला आहे. तेथील क्वेचुआ भाषेत त्याला 'पापा' म्हणतात. 'बटाटा' हा शब्द मात्र त्याचा नव्हे. कॅरिबियन बेटांवरील लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांनी दोन्ही कंद युरोपात नेले आणि रताळ्याचे नाव या दुसऱ्या कंदालाही चिकटले. पोर्तुगीजांच्या तोंडून ते नाव गोवा-कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि मराठीत 'बटाटा' रुजला. ग्रीकांचा 'पताता' हा शब्दही त्याच मुळाचा. इंदूरच्या मराठी घरात आजी 'बटाटा' म्हणते आणि दारावरच्या भाजीवाल्याशी बोलताना त्याचा सहज 'आलू' करते. मात्र अथेन्सच्या बाजारात तिने 'बटाटा' म्हटले असते, तर भाजीवाल्याने पिशवी पुढे केली असती.

ग्रीसमध्ये बटाट्याच्या लागवडीचे श्रेय लोकपरंपरा योआनिस कापोदिस्त्रियास यांना देते. तुर्की साम्राज्यापासून मुक्त होऊ घातलेल्या ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख म्हणून ते १८२८ साली नाफ्प्लियो येथे उतरले. युद्धाने देश उजाड झाला होता, शेते पडीक होती, लोक उपाशी होते. थोड्या जमिनीत पुष्कळ पोट भरणारे पीक म्हणून त्यांनी बटाट्याकडे पाहिले. पुढच्याच वर्षी, १८२९ मध्ये, नाफ्प्लियोजवळ तिरिन्स येथे शेतकी शाळाही निघाली.

लोकांना मात्र हा मातकट कंद रुचला नाही. ग्रीक घरांत आजही सांगितली जाणारी कथा अशी : कापोदिस्त्रियास यांनी बटाट्यांचा ढीग धक्क्यावर रचविला आणि त्याभोवती शस्त्रधारी पहारा बसविला. पहारेकऱ्यांना गुप्त ताकीद होती की कोणी चोरू लागल्यास डोळेझाक करावी. ज्याला इतका पहारा, ते मोलाचेच असणार, असे लोकांना वाटले. रातोरात ढीग नाहीसा झाला आणि बटाटा घरोघरी पोहोचला. हीच कथा फ्रान्समध्ये पारमांतिए यांच्या नावावर आणि प्रशियात राजा फ्रेडरिकच्या नावावर सांगतात, तेव्हा तिला इतिहास न म्हणता लोककथा म्हणणे बरे. पण ती तीन देशांत टिकली, यातच मनुष्यस्वभावाची खूण आहे. फुकट दिलेले मनुष्य नाकारतो आणि चोरून मिळालेले जपतो. कापोदिस्त्रियास यांची १८३१ मध्ये नाफ्प्लियो येथेच चर्चच्या दाराशी हत्या झाली. त्यांचा बटाटा मात्र देशात राहिला. आज नॅक्सोस बेटाचा बटाटा आणि उत्तरेकडील नेव्रोकोपीच्या थंड पठारावरचा बटाटा ग्रीसमध्ये नावाजलेले आहेत. दोहोंची नावे युरोपीय संघाने त्या त्या प्रदेशाची म्हणून संरक्षित केली आहेत. परदेशी कंदाला गावाचे नाव मिळाले.

पूर्वेकडून आलेले लिंबू

सॉक्रेटिसच्या पानात बटाटा नव्हता हे उघडच आहे. पण त्याच्या पानात लिंबूही नव्हते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. लिंबाच्या जातीतले जे पहिले फळ ग्रीकांना कळले ते महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात असते तेच. थिओफ्रास्टस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन करताना त्याला मीडिया-पर्शियाचे फळ म्हटले आहे. ते खात नाहीत, पण कपड्यांत ठेवले असता कसर लागत नाही, असेही तो नोंदवितो.

खरे लिंबू फार पुढे आले. त्याचा उगम हिमालयाच्या पूर्वेकडील टापूत, आपला ईशान्य भारत, ब्रह्मदेश आणि दक्षिण चीन यांच्या परिसरात, झाला असे मानतात. तेथून इराण, तेथून अरबस्तान आणि मध्ययुगात अरबांच्या हातून भूमध्य समुद्राचा काठ, असा त्याचा प्रवास झाला. फारसी 'लीमू', अरबी 'लैमून', ग्रीक 'लेमोनी' आणि आपले 'लिंबू' ही एका ओळीत म्हणून पाहावीत. वाटेवरच्या मुक्कामांची नावे कानालाच कळतात.

म्हणजे लिंबाच्या बटाट्यांत पश्चिमेकडून आलेला बटाटा आणि पूर्वेकडून आलेले लिंबू ग्रीक भांड्यात भेटतात. त्या भेटीला यजमानाचे म्हणून असते ते तेथील ऑलिव्हचे तेल आणि डोंगरउतारावरची रीगनी. यजमान भक्कम होता, म्हणून दोन्ही पाहुणे घरचे झाले.

उपासाला चालणारा परका

परके अन्न घरचे झाले, याची खूण कोणती? आपल्याकडे याचे उत्तर सोपे आहे : ते उपासाला चालू लागले पाहिजे. ज्या एकादशीला घरचा तांदूळ आणि घरचा गहू वर्ज्य, त्या एकादशीला अमेरिकेहून आलेला बटाटा, अमेरिकेचेच रताळे, शेंगदाणे आणि मिरची मात्र राजरोस चालतात. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण खरी करण्यात बटाट्याचा वाटा मोठा आहे. शास्त्र लिहिणाऱ्यांना हा कंद ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी तो निषिद्ध केला नाही. आणि गृहिणींनी त्या मोकळ्या जागेतून त्याला अलगद आत घेतले.

ग्रीसमध्येही नेमके असेच घडले. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास सहासात आठवडे चालतो. त्या काळात मांस, अंडी, दूध, लोणी, चीज यांपैकी काही चालत नाही. कडक पाळणारे बहुतेक दिवशी तेलही सोडतात आणि शनिवार-रविवारी तेवढे घेतात. अशा दिवसांत भाजी, कडधान्ये आणि बटाटा यांवरच घर चालते. लिंबाचे बटाटे तेव्हा तोंडीलावणे न राहता पानातला मुख्य पदार्थ होतात. कोंबडीशेजारी वाढले जाणारे हे वाढण एकट्याने पान सांभाळू शकते, ते या सवयीमुळे. शाकाहारी मराठी घराला त्यात काही बदलावे लागत नाही, याचेही कारण हेच.

रविवारची तप्सी

पसरट, उथळ, काठ असलेल्या ज्या भांड्यात हे बटाटे भाजतात, त्याला ग्रीक लोक 'तप्सी' म्हणतात. हा शब्द तुर्कीतून आलेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ ग्रीक घरांत स्वतःची भट्टी नव्हती. रविवारी सकाळी गृहिणी तप्सीत बटाटे आणि ऐपतीप्रमाणे त्यावर कोंबडी किंवा कोकराचे मांस रचून, कापडाने झाकून ती गल्लीतल्या पाववाल्याकडे पाठवी. पहाटेचे पाव निघालेले असत, भट्टी अजून तापलेली असे. त्या उरल्या धगीत साऱ्या आळीचे जेवण शिजे. लोक चर्चमधून परतताना आपापली तप्सी उचलून घरी नेत. वर ठेवलेल्या मांसाचा रस खाली बटाट्यांत उतरे. ज्यांच्या तप्सीत मांस नसे, त्यांच्या बटाट्यांना लिंबू आणि तेल यांचाच आधार असे.

आपल्या वाचकांना हे दृश्य अनोळखी वाटू नये. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, साखर डब्यात भरून नानकटाईसाठी बेकरीच्या भट्टीवर रांग लावणे वडोदे, इंदूर, हैदराबाद येथील अनेकांनी बालपणी अनुभवले आहे. भट्टी पाववाल्याची, पण चव ज्या त्या घरची.

याच तप्सीने वाईट दिवसही पाहिले. दुसऱ्या महायुद्धात ग्रीस शत्रूच्या ताब्यात गेला आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये हजारो माणसे अन्नावाचून मेली. ज्या पिढीने ते पाहिले, तिने पुढे आयुष्यभर भरल्या तप्सीकडे निराळ्या नजरेने पाहिले असल्यास नवल नाही. अलीकडे, देश कर्जाच्या संकटात सापडला असता, २०१२ च्या प्रारंभी बटाटा पुन्हा एकदा पुढे आला. ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कातेरिनी गावातील स्वयंसेवकांनी नेव्रोकोपीच्या शेतकऱ्यांशी थेट बोलणे केले. लोकांनी मागणी आधी नोंदवावी, शेतकऱ्यांनी मालमोटार भरून गावात आणावी, मधला दलाल नाही, अशी ती योजना होती. दुकानातील भावाच्या निम्म्याहून कमी दरात ग्राहकाला बटाटा मिळाला आणि शेतकऱ्याच्या हाती रोख दाम पडले. पाहता पाहता ही रीत इतर गावांत पसरली आणि 'बटाट्याची चळवळ' या नावाने ओळखली गेली. कापोदिस्त्रियास यांनी ज्यावर पहारा बसविला, असे कथा सांगते, तो बटाटा १८४ वर्षांनी पुन्हा उघड्यावर रचला गेला होता; या वेळी पहाऱ्याची गरज नव्हती.

लिंबाचा हट्ट

आता प्रत्यक्ष पाकक्रियेकडे वळू. हा पदार्थ दिसतो सोपा, पण घाईने करणाऱ्याचा हमखास बिघडतो. वरून तपकिरी, आत कच्चा आणि दाताखाली कचकचीत, अशी त्याची गत होते. दोष बटाट्याचा नसतो. आंबट पदार्थ शिजण्याला अडवतो, हे विसरले जाते.

आपल्या आज्यांना ही गोष्ट रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होती. डाळ शिजण्यापूर्वी तिच्यात चिंच किंवा आमसूल घालू नये, नाही तर डाळ शिजता शिजत नाही, हा आमटीचा पहिला धडा. बटाट्याच्या पेशी ज्या पदार्थाने एकमेकींना चिकटून असतात, त्याला पेक्टिन म्हणतात. उष्णतेने तो विरघळतो आणि बटाटा मऊ पडतो. परंतु आंबट पाण्यात त्याचे विरघळणे मंदावते. हरभरे लवकर शिजावेत म्हणून आपण चिमूटभर सोडा घालतो, त्याच्या अगदी उलट हा परिणाम.

मग ग्रीक गृहिणी लिंबू आधीच का घालते? तिच्याजवळ वेळ आहे म्हणून. साधा बटाटा पाण्यात दीड तास शिजवला तर त्याचा लगदा होईल. लिंबाच्या पाण्यात तोच बटाटा दीड तास धीराने राहतो, हळूहळू मऊ होतो, तेवढ्या वेळात रस आतपर्यंत पितो आणि फोड मात्र अखंड राहते. घाई असेल तर लिंबू वैरी. सवड असेल तर तेच फोडीचे राखणदार. या पदार्थाचे सारे मर्म एवढ्यात आले.

दुसरे मर्म पाणी आणि तेल यांच्या क्रमात आहे. भांड्यात पाणी आहे तोवर बटाटा शिजतो. पाणी सरले की तेलात भाजू लागतो. शिजणे आधी, भाजणे नंतर. भाजी तयार झाली हे सांगताना ग्रीक गृहिणी म्हणते की ती 'आपल्या तेलावर राहिली'. आपण म्हणतो, 'तेल सुटले.' दोन भाषांनी एकच क्षण नेमका टिपला आहे. माळव्यातील वाचकांना आणखी जवळचे उदाहरण म्हणजे बाफला. बाटी नुसती भाजतात. बाफला आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात. म्हणूनच तो आतून मऊ आणि वरून खुसखुशीत होतो. लिंबाचे बटाटे ही एका अर्थी बाफल्याचीच रीत आहे. फरक इतकाच की दोन्ही क्रिया एकाच भांड्यात, भांडे न हलविता होतात.

साहित्य आणि कृती

चार-पाच माणसांसाठी : बटाटे १ किलो, ऑलिव्हचे तेल अर्धी वाटी (सुमारे १०० मिलिलिटर), लिंबाचा रस ४ मोठे चमचे (सुमारे ६० मिलिलिटर), पाणी सव्वा वाटी (सुमारे २५० मिलिलिटर), लसूण ५-६ पाकळ्या, रीगनी, म्हणजे आपल्याकडे 'ओरिगानो' या नावाने मिळणारा वाळवलेला पाला, १ लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा, मिऱ्यांची भरड अर्धा लहान चमचा. काही घरांत लहान चमचाभर मोहरीची तयार चटणी मिसळतात. ती घातली नाही तरी चालते.

बटाटे सोलून उभे चिरावेत. मध्यम बटाट्याच्या चार, मोठ्याच्या सहा फोडी कराव्यात. फोड बोटाहून बारीक नसावी, नाही तर ती सुकून जाते. चिरल्यावर पाण्यात भिजत ठेवू नयेत. बटाट्याच्या अंगचे पीठच शेवटी रसाला दाटपणा आणते. लसूण ठेचून घ्यावा.

भट्टी २०० अंश सेल्सिअसवर तापवून घ्यावी. पसरट भांड्यात फोडी एकाच थरात मांडाव्यात. एकीवर एक रचल्यास खालच्या नुसत्या उकडतील. तेल, लिंबाचा तीन चमचे रस, लसूण, मीठ, मिरे आणि रीगनी एकत्र करून फोडींना चोळावे, मग भांड्याच्या कडेने पाणी सोडावे. वरून पाणी ओतल्यास चोळलेला मसाला धुऊन जातो. भांडे न झाकता भट्टीत ठेवावे.

चाळीस मिनिटांनी फोडी उलटाव्यात. या वेळी सुरी टोचून पाहावी. आत कच्चेपणा असेल आणि पाणी आटले असेल, तर अर्धी वाटी गरम पाणी घालावे. गार पाण्याने शिजणे थांबते, आणि भांडे काचेचे असेल तर ते तडकण्याचे भय असते. त्यानंतर आणखी चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. शेवटच्या वीस मिनिटांत पाणी मुळीच घालू नये. फोडींच्या कडा सोनेरी झाल्या, काही ठिकाणी तांबूस डाग पडले, आणि तळाशी पाण्याऐवजी तेलाचा दाट ओलावा राहिला, की भांडे काढावे. राखून ठेवलेला चमचाभर लिंबाचा रस आता वरून शिंपडावा. आधी घातलेल्या रसाची चव आत गेलेली असते. पण भट्टीच्या धगीने त्याचा सुवास उडतो. तो सुवास हा शेवटचा चमचा परत आणतो.

भांड्याविषयी एक सूचना. लिंबाचा रस आणि साध्या ॲल्युमिनियमचे भांडे यांची जोडी बरी नव्हे. कल्हई नसलेल्या पितळेत आपण चिंचेचे सार ठेवत नाही, त्याच न्यायाने येथे स्टीलचे, काचेचे किंवा मिन्याचे भांडे वापरावे.

आपल्या घरातील जुळवाजुळव

विजेची लहान भट्टी आता पुष्कळ घरांत आली आहे. तिच्यात अर्ध्या किलोची तयारी चांगली बसते. ती नसल्यासही अडू नये. कोकणात आणि गोव्यात तवशाचे धोंडस करताना खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवण्याची रीत आहे. ती या बटाट्यांना उत्तम लागू पडते. गॅसवर करायचे झाल्यास जाड बुडाच्या पसरट स्टीलच्या पातेल्यात वरील सर्व साहित्य घालून, झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावे. मग झाकण काढून पाणी आटवावे आणि सुटलेल्या तेलात फोडी एकेका बाजूने परतून घ्याव्यात. लोखंडी कढई वापरू नये, आंबटाने रस काळवंडतो. भट्टीचा वरचा सोनेरी रंग येथे पुरता येणार नाही, चव मात्र येईल.

आपले कागदी लिंबू ग्रीसच्या मोठ्या पिवळ्या लिंबाहून अधिक तीव्र आणि फार वेळ शिजल्यास किंचित कडवट. म्हणूनच आपल्याकडे भांडे खाली उतरल्यावर लिंबू पिळण्याची पद्धत पडली. कागदी लिंबू वापरताना निम्माच रस आरंभी घालावा, निम्मा शेवटी; आणि पिळताना साल दाबून कडू रस उतरू देऊ नये.

ऑलिव्हचे तेल महाग आहे. शेंगदाण्याच्या तेलात हा पदार्थ चविष्ट होतो. पण तो मग ग्रीक न राहता आपला होतो, हे लक्षात ठेवून करावा. दोन चमचे ऑलिव्हचे तेल शेवटी वरून सोडल्यास दोघांचा मान राहतो.

रीगनी न मिळाल्यास उपाय अंगणातच आहे. तिचा तिखट गंध थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या दोन द्रव्यांचा. आपल्या ओव्याच्या वासात थायमॉलच प्रमुख आहे. आणि कुंडीत वाढणाऱ्या, भजी करण्याच्या त्या जाड लुसलुशीत 'ओव्याच्या पानां'त कार्व्हाक्रॉल असते. पाव चमचा ओवा तळहातावर चोळून घालावा, किंवा दोन पाने बारीक चिरून घालावीत. जास्त झाल्यास औषधाचा वास येतो, तेव्हा हात आखडता ठेवावा.

बटाटा निवडताना नवा, पातळ सालीचा, पाणचट बटाटा टाळावा. जुना, पिठूळ बटाटा रस अधिक पितो. आपल्याकडे १९६८ पासून लागवडीत असलेला 'कुफरी ज्योती' सर्वत्र मिळतो आणि या कामाला चालतो. शीतगृहातून नुकताच निघालेला बटाटा गोडसर लागतो आणि आत शिजण्यापूर्वीच वरून काळा पडतो. तो आठवडाभर घरात उघडा ठेवून मग वापरावा.

पानात जागा कोणती?

ग्रीक घरात हे बटाटे भाजलेल्या कोंबडीशेजारी, कोकराशेजारी किंवा माशाशेजारी वाढतात. उपवासाच्या दिवसांत त्यांच्या जोडीला उकडून तेल-लिंबू घातलेला रानपाला, शिजवलेले मोठे पांढरे पावटे, ऑलिव्ह आणि पाव असतो. इतर दिवशी 'झाझिकी' असते : पाणी निथळलेल्या दह्यात काकडीचा कीस, लसूण आणि तेल. निथळलेले दही म्हणजे आपला चक्का. तेव्हा झाझिकी म्हणजे चक्क्यातली काकडीची कोशिंबीरच, फक्त फोडणीऐवजी कच्चे तेल.

आपल्या पानात हे बटाटे कुठे वाढावेत, असा प्रश्न एखाद्या चोखंदळ गृहिणीला पडेल. आंबटपणा पाहता ते डाव्या बाजूचे, लोणच्या-कोशिंबिरीच्या पंक्तीतले. भरदारपणा पाहता उजवीकडचे, भाजीच्या जागेवरचे. साधे वरण, भात, तूप आणि शेजारी हे बटाटे असा बेत करून पाहावा. वरणभातावर आपण लिंबू पिळतोच. येथे ते बटाट्यातून येते. आणि लसूण वगळला, ऑलिव्हऐवजी शेंगदाण्याचे तेल व मिऱ्याऐवजी हिरवी मिरची घेतली, ओवाही गाळला, तर हाच पदार्थ एकादशीच्या ताटातही बसेल. दोन देशांच्या उपवासांनी ज्याला आत घेतले, त्याचा हा एक निराळा मुक्काम ठरेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींना अधूनमधून विचारले जाते की तुम्ही मूळचे कुठले. बटाट्याला हा प्रश्न ग्रीसमध्ये आता कोणी विचारत नाही. तो तेथील पाण्यात धीराने शिजला, तेथील तेलात भाजला गेला, तेथील आंबटखारट त्याने पोटात घेतले. आणि इतके करूनही त्याची फोड विरघळली नाही, बटाटा बटाटाच राहिला. माळव्यातील, गुजरातेतील, बेळगाव-हैदराबादेतील मराठी घरांनी पिढ्यानुपिढ्या काय साधले, हे सांगण्यास याहून साधा दृष्टान्त सापडणे कठीण. येत्या रविवारी सवड काढून करून पाहावेत. सवड मात्र हवी. घाईने हे बटाटे होत नाहीत.